मोठ्या पडद्याचा मान

इंजिनिअर हैथमने बदलला होता एकच आकडा, आणि तोही पाहुण्यांसाठी.

ओमानच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करणारा तो कारखाना. ज्या संगणक प्रणालीवर तो चालायचा तिचा गाभा मुद्दाम लहान ठेवलेला होता. पंपाचं काम वेगळं, झडपेचं वेगळं, भिंतीवरच्या मोठ्या पडद्याचं वेगळं. एक कोसळलं तरी शेजारच्याला धक्का लागायचा नाही. गाभ्याने फक्त नंबर लावायचे, कोण आधी आणि कोण मागून. कोणाचा मान किती, ते मात्र हैथम आकडा घालून ठरवायचा.

मस्कतहून मोठी मंडळी येणार होती आणि पडद्यावरच्या रेषा अडखळत होत्या. "पाहुण्यांसमोर शोभा करू नकोस," व्यवस्थापक म्हणाले. हैथमने पडद्याला सगळ्यांच्या आधी बसवलं. रेषा झुळझुळ वाहू लागल्या. पाहुणे हलवा खाऊन, तोंडभर कौतुक करून गेले. आकडा परत खाली आणायचा तेवढा राहून गेला.

पुढे एका दुपारी नळातला दाब एकाएकी चढला. धोक्याच्या सूचनांची झुंबड उडाली. त्या सगळ्या रंगवता रंगवता पडदा कोणाला वाट देईना. ड्यूटीवरच्या खलफानने झडप उघडायचं बटण दाबलं, पण तो हुकूमही रांगेतच अडकला. झडप उघडायच्या आत नळ फुटला आणि फिटर जुमाचा पाय लोखंडाखाली चिरडला. जुमा खलफानचा सख्खा मेहुणा.

बटणाची नोंदही रांग सरकल्यावरच झाली, म्हणजे उशिराची. चौकशीत ती नोंद पाहून खलफान स्वतःच म्हणाला, "मी त्या वेळी कहवा ओतत होतो. माझाच हात उशिरा गेला." सगळ्यांचं काम सोपं झालं. त्याला नियंत्रण कक्षातून काढून फाटकावर बसवलं.

हैथमला खरं कळलं ते त्यानंतर. प्रणाली तपासताना त्याला स्वतःचा तो आकडा दिसला. त्याने तो गुपचूप खाली आणला आणि कितीतरी दिवस तोंड मिटून राहिला. रोज फाटकातून जाताना खलफान हात वर करायचा. हैथम गाडीची काच खाली करायचा नाही.

शेवटी एका शुक्रवारी नमाजानंतर तो खलफानच्या घरी गेला.

"अबू सालिम," त्याने खलफानला मुलाच्या नावाने, आदराची हाक मारली. "चूक तुमची नव्हती. माझी होती," असं म्हणून त्याने सगळं सांगितलं.

खलफानने खजुराचं ताट पुढे सरकवलं. "खा. तुझी आईही अशीच. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर घ्यायची."

"मी खरं बोलतोय."

"अरे, कहव्याचं भांडं माझ्या हातात होतं की तुझ्या? म्हाताऱ्याची समजूत काढायला आलास, बरं वाटलं. आता खजूर खा."

हैथमने खजूर परत ताटात ठेवला. शिव्या खायच्या तयारीने आलेल्या माणसाच्या पदरात पुण्य पडत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने खलफानला चाचणीच्या खोलीत नेलं. तिथे प्रणालीची जोडप्रत होती. झडपेच्या जागी एक दिवा. हैथमने पडद्याला तोच मान दिला आणि खोट्या सूचनांची झुंबड सोडली.

"दाबा."

खलफानने बटण दाबलं. दिवा लागेना. तो बटणाकडे पाहत राहिला, मग दिव्याकडे. पडदा रंगवत होता. कितीतरी वेळाने दिवा लागला.

"बटण बिघडलंय," खलफान म्हणाला.

हैथमने पडद्याचा मान काढला. "आता दाबा."

बोट टेकताच दिवा लागला. खलफानने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग हात मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी वेळेवर दाबलं होतं."

"हो."

"आणि तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"तुम्हाला फाटकावर बसवलं, त्यानंतर लगेच कळलं."

"माझी बायको माझ्याशी बोलत नाही," खलफान म्हणाला. "भावाचा पाय गेलाय तिच्या. मी म्हणायचो, बरोबरच आहे तिचं." तो उठला. "चल."

"व्यवस्थापकांकडे?"

"ते उद्या. आधी जुमाकडे. मला सांगितलंस तेच सांगायचं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. तुझ्या बाजूने तर नाहीच."

जुमा ओसरीत कुबड्या टेकवून बसला होता. खलफानला पाहताच त्याने तोंड फिरवलं. मागे हैथम दिसला तसा त्याचा चेहरा खुलला.

"या इंजिनिअरसाहेब! आज गरिबाची आठवण झाली? बसा, बसा ना."

खलफान भिंतीला टेकून उभा राहिला. हैथम बसला नाही. उभ्यानेच त्याने बोलायला सुरुवात केली.