एवढीशी जागा

पौर्णिमाने बाटली उलटी धरून गदागदा हलवली. आतलं काहीच हललं नाही. काल डाळिंबाच्या रसासारखं लाल असलेलं पाणी आता काळपट जांभळा बर्फ होऊन बसलं होतं.

"आई, ही फ्रीजरमध्ये कुणी ठेवली?"

"शेजारच्या नफिसानं. मीच नेऊन दिली," तिच्या सासूबाई, पुतळाबाई, म्हणाल्या. "तू कालेजात गेलीस नि लाइट गेली. तिच्याकडं इन्वर्टर हाय."

पौर्णिमाने कपाळावर हात मारून घेतला. त्या पाण्यात सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण होते. उद्या मुंबईच्या भट्टीत त्या एकेका कणापाशी सिलिकॉनची केसाहून बारीक तार वाढायची होती, सोलर सेलसाठी. कितीदा बिघडून एकदाचा रंग जमला होता. उद्याचा नंबर हुकला की पुढचा थेट दिवाळीनंतर. आणि गोठलं की कण एकमेकांना चिकटतात, ते काही केल्या सुटत नाहीत. खरं तर ते बाहेर राहिलं असतं तरी चाललं असतं. उन्हाळा म्हणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचा शहाणपणा तिचाच.

"मी थंड ठेवा म्हणाले होते, बर्फ करा नाही! खालच्या कप्प्यात ठेवायची ना!"

"तिच्याकडं दावत हाय गं. खाली सगळी पातेलीच पातेली. वर एवढीशी जागा हुती. म्हनलं, तुझं सोनं नासंल."

"सोनं नासतं का कधी? तुमचं इन्शुलिन ठेवलं असतंत असं बर्फात?"

पुतळाबाई पुसलेला ओटाच पुन्हा पुसू लागल्या.

पौर्णिमाच्या तोंडाचा पट्टा सुटला होता, तो मध्येच थांबला.

"इन्शुलिन कुठंय, आई?"

"हाय तिथंच."

बंद फ्रीज उघडताच नासक्या दुधाचा भपकारा आला. दाराच्या खणात इन्शुलिनची कुपी होती. मे महिन्याच्या उकाड्यात दिवसभर राहून ती हाताला गरम लागत होती.

"ही का नाही नेलीत?"

"एकच मावत हुती."

पौर्णिमाला राग अजून आवरत नव्हता, पण तो आता कुणावर काढावा तेच कळेना. तिने एक डबा घेतला. गोठलेली बाटली टॉवेलात नीट गुंडाळून आत ठेवली आणि तिच्या कुशीला ती कुपी ठेवून झाकण लावलं.

"लाइट येईपर्यंत उघडू नका," ती म्हणाली.

"आनि तुझं सोनं?"

"लागलं कामाला."