ग्राहक घरी नाही

दिवस कलला की गोदामात लगीनघाई उडायची. निरनिराळ्या दुकानांतून आलेली पार्सलं दिवसभर तिथं मुक्यानं पडून असत, कारण ज्यांची ती, ती माणसं कामावर गेलेली. कंपनीचा धंदाच त्यावर उभा होता. माणूस घरी परतला, पाय पसरून बसला, की त्यानंच निवडलेल्या वेळेला त्याचं पार्सल दारात हजर. ‘तुम्ही घरी, तेव्हा आम्ही दारी’ असं भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. कंपनी काढणारे दोघे मित्र, दोघांनाही नीट मिसरूड फुटायची होती, पण मोठे साहेब आणि धाकटे साहेब म्हणवून घ्यायची भारी हौस. पार्सलं वाटणाऱ्यांत बाई एकटीच. तिला सगळे मावशी म्हणत.

“मावशी, आपण सगळे एक कुटुंब आहोत,” धाकटे साहेब म्हणायचे.

“हो ना,” मावशी हळूच म्हणायची, “म्हणूनच सुट्टी मागितली की तोंडं वाकडी होतात.”

कुणाच्या दारात ताटकळायचं नाही, हा कंपनीचा पहिला नियम. बेल वाजवायची, फोनवरचे आकडे उलटे पळत शून्यावर आले की ‘ग्राहक घरी नाही’ हे बटण दाबायचं आणि पुढचं घर गाठायचं. एका दारात रेंगाळलं की पुढच्या सगळ्यांच्या वेळा कोलमडायच्या.

या नियमात लिफ्टवाले काका काही केल्या बसत नव्हते. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि म्हातारपणी राहायला मिळालं ते बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. “साऱ्या गावाला वर चढवलं,” ते म्हणायचे, “आता मला खाली उतरवणारा कुणी नाही.” आतल्या खुर्चीवरून उठून वॉकर सरकवत दारापर्यंत यायचं म्हणजे मोहीमच. पहिल्या खेपेला मावशीचं बोट बटणावर टेकलंच होतं, तेवढ्यात दार उघडलं. घामानं डबडबलेले काका दारात उभे. “पळून चालली होतीस होय गं?”

ती ओशाळली. त्या दिवसापासून तिनं आपली एक वाट काढली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी आली की काकांना एक मिस्ड कॉल द्यायची. तिकडे काका उठायचे, इकडे ही गाडी लावून जिने चढायची, आणि ती दारात पोहोचेपर्यंत दार उघडलेलं असायचं. कंपनीच्या नियमात हे बसत नव्हतं, पण देवाच्या नियमात बसत असावं, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

काकांची लेक दुसऱ्या शहरात. दर आठवड्याला ती बापाच्या नावानं काहीतरी मागवायची. कधी मोजे, कधी बिस्किटं, कधी गुडघ्याला चोळायचं तेल. वस्तू निमित्ताला. कुणीतरी बाबांच्या दारात जावं, दोन शब्द बोलावेत, हे खरं पार्सल.

त्या संध्याकाळी मावशीनं नेहमीसारखा मिस्ड कॉल दिला. फोन खिशात घालते न घालते तोच तो वाजला. मोठे साहेब.

“मावशी, चौकापलीकडचा तो वकील बोंबलतोय. त्याची वेळ संपत आलीय. आधी तिकडे जा.”

“साहेब, मी दारात आलेय हो. एवढं एक घर करते—”

“वकील चव्हाट्यावर आणेल आपल्याला! जा लवकर!”

तिनं गाडी वळवली. काका उठले असतील, हे तिच्या मनात आलं. दार उघडून बघतील, कुणी दिसलं नाही की चार शिव्या घालतील आणि बसतील पुन्हा, असं म्हणून तिनं ते बाजूला सारलं. परत फोन करावा तर हात गाडीच्या मुठीवर. वकिलाकडे लिफ्ट होती, पण ती वरच अडकलेली. मग पायऱ्या, मग वकिलाची बोलणी. परत काकांच्या दारात पोहोचली तेव्हा ती धापा टाकत होती. दार बंद. तिनं बेल वाजवली. कानात घातलेल्या इअरफोनवर साहेबांचा आवाज चालूच होता, “झालं का? पुढचे तीन जण विचारतायत. मावशी, निघा!” आकडे पळाले, शून्यावर आले. म्हातारा रुसलेला दिसतोय, ती मनाशी म्हणाली. आणि तिनं बटण दाबलं.

जो माणूस महिनोन्महिने उंबरा ओलांडू शकला नव्हता, तो घरी नाही, असं तिनं कंपनीला कळवलं.

सकाळी केर काढणाऱ्या बाईनं शेजाऱ्याकडची किल्ली आणून दार उघडलं. काका दाराच्या आतच पडले होते, वॉकर अंगावर आडवा. जीव गेलेला.

काही दिवसांनी काकांच्या मुलीनं कंपनीत फोन करून सांगितलं, “बाबांकडे यायच्या त्या बाईंना पाठवा. मला भेटायचंय.” साहेबांचे चेहरे खर्रकन उतरले.

“मावशी,” धाकटे साहेब मान खाली घालून म्हणाले, “तुम्ही गेलात, बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. एवढंच खरं आहे ना? मग तेवढंच सांगा. मिस्ड कॉलचं काढू नका. उगाच विषय वाढेल, आपल्या सगळ्यांच्या पोटावर पाय येईल.”

मावशीचा नवरा घरी खाटेला खिळलेला, चूल तिच्या गाडीच्या चाकावर चालत होती. दोन रात्री ती नुसती कुशी बदलत राहिली.

दार लेकीनं उघडलं. मावशीएवढीच असेल वयानं. डोळे सुजलेले. घरातलं सामान खोक्यांत भरायला काढलं होतं. “बसा,” म्हणाली, आणि स्वतः उभीच राहिली.

“तुम्हीच का त्या? तुमचा फोन वाजला की बाबा मला म्हणायचे, ‘ठेव आता, माझी लिफ्ट आली.’ त्या दिवशीही म्हणाले. मी अर्ध्या वाक्यात होते.”

मावशी खुर्चीच्या कडेला टेकली.

“मग तासाभरानं तुमच्या कंपनीचा निरोप आला. ‘आम्ही आलो होतो, पण ग्राहक घरी नाही.’ मी किती हसले असेन, सांगू? नवऱ्याला हाक मारून म्हटलं, अहो, बाबा खाली उतरले! कुणीतरी शेजाऱ्यानं धरून नेलं असेल, बसले असतील गप्पा छाटत. म्हटलं, फोन करायचा नाही. भटकू दे त्यांना. त्या रात्री मी गोडाचं केलं होतं घरी.”

आता ‘बेल वाजवली, कुणी उघडलं नाही’ एवढं म्हणून उठता आलं असतं. मावशीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि सगळं सांगून टाकलं. कोपऱ्यावरचा मिस्ड कॉल, वकील, वळवलेली गाडी, दाबलेलं बटण. काहीही झाकलं नाही. “मीच त्यांना उठवलं, ताई. उठवलं आणि गेले.”

लेक भिंतीकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत होते,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही आलात तेव्हाही असणार. बाहेर जा.”

मावशी उठली, चपला शोधू लागली.

“तशा नाही. तेव्हा उभ्या होतात तिथे जाऊन उभ्या राहा.”

मावशी दाराबाहेर उभी राहिली. दार बंद झालं. आत काहीतरी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग अगदी खालून, फरशीला गाल लावून बोलावं तसा, दमलेला, बारीक आवाज आला.

“पोरी... आहेस का गं बाहेर? मी पडलोय.”

दाराखालच्या फटीतून शब्द न् शब्द येत होता. मावशीनं चौकट घट्ट धरली. त्या संध्याकाळी तिच्या कानात साहेब होते.

“आलं ऐकू?” आतून लेकीनं विचारलं. आता तो तिचा स्वतःचा आवाज होता.

“नाही” म्हटलं असतं तर दोघींनाही झोप लागली असती. बापानं हाक मारली असेल, पण ती दारापलीकडे पोहोचलीच नसेल, एवढा तरी आधार त्या बिचारीला राहिला असता. मावशीचे ओठ त्या शब्दापर्यंत जाऊनही आले.

“आलं,” ती म्हणाली.

दार उघडलं नाही. ऐकू गेलं नसेल असं वाटून मावशी खाली बसली, फटीपाशी तोंड नेलं आणि पुन्हा म्हणाली, “सगळं ऐकू आलं, ताई.”