आबांचा उजवा कान

“दूधच नाही हो हिला,” सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. माझ्यादेखत. शेजारणीने माझ्या छातीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “शतावरी दिलीत का?”

मला शिसारी आली. विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत सात आठवडे आंबलेल्या दुधाचा वास कोंडला होता आणि येणारा-जाणारा माझ्या अंगाविषयी मत देऊन, वर चहा पिऊन जात होता. बाळ तासतासभर ओढायचं, रडायचं, ओकायचं. वजन जागचं हलत नव्हतं. दोन डॉक्टर झाले. एकाने पावडरचा डबा लिहून दिला, दुसऱ्याने डबा बदलला. बाळ पितं कसं, हे दोघांनीही पाहिलं नाही. सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही तर ॲडमिट करा, एवढं मात्र बजावलं. शिकलेली माणसं!

आबा, म्हणजे माझे सासरे, खडकीच्या कारखान्यात पंपावर होते. डावा कान तिथेच गेला. मी बाळाला पाजायला घेतलं की ते उठून बाहेर जात. त्या दुपारी त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. थोड्या वेळाने उजवा कान माझ्या बाजूला वळला.

“तनया, हा चट् चट् आवाज रोज येतो?”

“येतो. का?”

“पोर हवा ओढतंय. विहीर भरलेली असली तरी पंपाने हवा धरली की पाणी चढत नाही.” मग सासूबाईंना म्हणाले, “तू आपली विहिरीलाच नावं ठेवतेस.”

“बायकांचं तुम्हाला काय कळतं?”

“पंपाचं कळतं.”

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंना मी आधी तो आवाजच सांगितला. त्यांनी मला समोर बसवून पाजायला लावलं, मग बाळाच्या तोंडात बोट घालून पाहिलं. जिभेखालची पट्टी आखूड होती, जीभ पुढे येतच नव्हती. पट्टी कापायला मिनिटही लागलं नाही. त्यासाठी सात आठवडे मी मेथीचे लाडू गिळले आणि न्हाणीघरात रडले. आठवलं की अजून किळस येते, सगळ्यांची.

सोमवारी दोनशे ग्रॅम वजन वाढलं. शेजारीण हजर. “शतावरीचाच गुण बरं!”

ती गेल्यावर मी बाळाला पाजायला घेतलं. आबा काठी शोधू लागले.

“बसा, आबा.”

ते भिंतीकडे तोंड करून बसले.

“काही ऐकू येतंय?”

त्यांनी बराच वेळ कान दिला.

“काही नाही,” म्हणाले, आणि खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले.