काचेवरचे गंध

हिंगोलीच्या शाळेत मी छत्तीस वर्षे संस्कृत शिकविले आणि निवृत्तीनंतर पूर्णेकाठच्या आपल्या गावी परतलो. सिद्धेश्वरचे धरण आमच्याकडून तासाभराच्या वाटेवर. पहाटे स्नान, संध्या, आणि उगवत्या सूर्यनारायणास तांब्याच्या तांब्यातून अर्घ्य, हा क्रम आजारपणातही मोडला नाही. मात्र २००४ सालच्या वैशाखात अर्घ्य देताना पाणी खाली पडेपर्यंत मला धीर निघेना. तसे का झाले, ते लिहून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

त्याच्या आधीच्या कार्तिकात गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या अंगणात लोखंडी चौकटीवर चार निळ्या काचा बसविल्या गेल्या. शहरातील एका संस्थेने त्या दिल्या होत्या. गावात वीज आली तर यायची. दिवसाचे दहा-बारा तास ती नसायचीच. या काचा उन्हाचे तेज घेत, ते आतल्या बॅटऱ्यांत साठे, आणि त्यावर लसींचा लहानसा फ्रीज अखंड चाले. धूर नाही, घरघर नाही, रॉकेलचा वास नाही. नर्सबाईंनी पहिल्या दिवशी फ्रीजचे झाकण उघडून दाखविले आणि आतला गारवा माझ्या बोटांना लागला, तेव्हा माझे डोळे भरून आले. ज्या देवतेला जन्मभर ओंजळभर पाणी दिले, तिच्याच दाहातून हा गारवा उतरला होता.

नर्सबाईंचे नाव सत्यशीला. गोरेगावकडच्या मेंढपाळ घरातली ती पहिली शिकलेली मुलगी. नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर. काम चोख असेल तरच करार पुढे चालणार. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने चारही काचा पुसायची. सकाळ-संध्याकाळ फ्रीजमधला तापमापक पाहून आकडा वहीत लिहायची. तो दोन अंशांच्या खाली जाऊ नये आणि आठांच्या वर चढू नये; साऱ्या गावाच्या लेकरांचे आरोग्य त्या दोन आकड्यांमध्ये होते.

पण गावाला त्या चौकटीचा वेगळाच उपयोग सापडला. ज्ञानबा तिच्या पायांना शेळ्या बांधू लागला. पंचफुलाबाईने काचांवर मिरच्या वाळत घातल्या. पारावरून उठलेली मंडळी जाता जाता तंबाखूची पिचकारी नेमकी तिथेच टाकत.

मी ज्ञानबाला थांबविले. "अरे, ही सार्वजनिक वस्तू आहे."

"म्हनूनच तं बांधल्या, गुरुजी! कोनाच्या खुट्याला बांधल्या असत्या तं भांडन झालं असतं. हे सगळ्याइचं हाय."

"अन् मिरच्या?" मी पंचफुलाबाईकडे वळलो.

"ऊन खायाला ठेवल्याच हायेत ना त्या काचा? खाऊ द्या की मिरच्यायसंगं."

सगळे हसले. सत्यशीला हसली नाही. एका शेळीने चौकटीला धडक देऊन तार सैल केली होती, आणि त्या दिवशी फ्रीज चार तास बंद राहिला होता. ती मला म्हणाली, "गुरुजी, माझं कोनी ऐकत न्हाई. तुमचं ऐकतेत. कायतरी करा."

मी विचार केला. या लोकांना नियम सांगून उपयोग नाही. भक्ती मात्र त्यांच्या हाडात आहे. रथसप्तमीच्या सकाळी मी पूजेचे तबक घेऊन उपकेंद्रात गेलो, चारही काचांच्या मधोमध चंदनाचे गंध लावले, अक्षता वाहिल्या, झेंडूची फुले ठेविली आणि तांब्यातले अर्घ्य त्या निळ्या काचांवरून सोडले. जमलेल्या लोकांना सांगितले की हे सूर्याचे आसन आहे, येथे थुंकणे म्हणजे त्याच्या अंगावर थुंकणे.

आठ दिवसांत अंगण पालटले. शेळ्या गेल्या, मिरच्या गेल्या, पिचकाऱ्या थांबल्या. माणसे चपला काढून आत येऊ लागली. बायका हळदीकुंकू वाहू लागल्या. तालुक्याहून आलेल्या एका पाहुण्याने तर विचारले की एवढी शिस्त या गावाने आणली कुठून. मी नम्रपणे मान लवविली, पण आत काहीतरी फुलून आले होते, हे कबूल केले पाहिजे.

त्याच आठवड्यात एका सकाळी सत्यशीला फडके घेऊन काचांपाशी आली. पंचफुलाबाई हळदीकुंकू घेऊन उभीच होती.

"अवं शिस्टर! देवाला फडका मारून राहिल्या का तुमी?"

सत्यशीलेने माझ्याकडे पाहिले. आज आठवते, ते पाहणे विचारणारे होते. मी म्हणालो, "राहू दे. निर्माल्य मी उतरवीत जाईन. तू हात लावू नकोस."

"पन गुरुजी, काच पुसायची असते."

"मी आहे ना."

"बरं," ती म्हणाली आणि फडके पिळून तिने दाराजवळच्या खिळ्याला अडकविले. तिथेच ते वाळून कडक झाले.

मी निर्माल्य रोज उतरवीत होतो, यात खोटे नाही. पण काच कधी धुतली नाही. आमच्या बोअरचे पाणी क्षारांचे. त्या पाण्याचे अर्घ्य रोज काचेवरून ओघळे आणि वाळून पांढरट होई. त्यावर चंदन, त्यावर हळद, त्यावर पुन्हा अर्घ्य. अक्षता टिपायला चिमण्या येत आणि आपली खूण ठेवून जात. मला ते दिसत नव्हते असे नाही. देवाच्या मूर्तीवर चढत गेलेल्या शेंदुराकडे पाहावे तसे मी त्या थराकडे पाहत होतो.

चैत्र सरता सरता वहीतला आकडा आठावर गेला. मग नऊ. वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी अकरा. सत्यशीलेने तालुक्याला कळविले, फ्रीजमधल्या गोवराच्या लसी बाजूला काढल्या, आणि चार दिवसांनी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांची जीप आली. साहेबांनी वही चाळली, फ्रीजचे झाकण दोनदा उघडले आणि तिच्या हाती कागद दिला: लसी खराब झाल्याचा खुलासा आठ दिवसांत करावा, अन्यथा करार संपुष्टात आणण्यात येईल.

गावाने खुलासा आपल्या परीने करून टाकला. "कुलपी करून ठुत असंल फिरीजमदी," पंचफुलाबाई पाणवठ्यावर म्हणाली. "झाकन उघडून उघडून गरम झालं."

"तुमी खाल्ली का तिची कुलपी?" कोणीतरी विचारले.

"मला कायले देती ती!"

मला घरात बसवेना. पोथी उघडावी तर ओळ पुढे सरकत नसे. कारण कळलेले नव्हते, आणि तरीही मी पुनःपुन्हा उपकेंद्राच्या कुंपणाशी जाऊन उभा राहत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र तपासायला हिंगोलीहून प्रेमानंद आला. माझा जुना विद्यार्थी. आठवीत संस्कृत घेणाऱ्या मोजक्या मुलांपैकी एक. आता सौरयंत्रांची दुरुस्ती करीत असे. मोटारसायकल लावून त्याने वाकून नमस्कार केला, बॅटऱ्या पाहिल्या, तारा पाहिल्या, आणि बाहेर येऊन काचांसमोर उभा राहिला.

"हे कोन करतं?"

"मी," मी म्हणालो. "रथसप्तमीपासून."

त्याने मान हलविली, पिशवीतून मीटर काढले आणि तारा जोडल्या. मग एका काचेचा एक चौकोन थुंकी न लावता, शर्टाच्या बाहीनेच हलके हलके घासून स्वच्छ केला. आकडा जागेवरून फारसा हलला नाही. त्याने संपूर्ण काच ओल्या रुमालाने बराच वेळ घासून काढली. आकडा चढला.

"आता बघा, गुरुजी." त्याने त्या स्वच्छ काचेच्या कोपऱ्यातील एका चौकोनावर तळहात ठेवला. आकडा धाडकन खाली आला.

"एवढ्याशा सावलीने?"

"सगळे चौकोन एका ओळीत जोडलेले असतेत. रेशनच्या रांगेत एक जन आडवा झाला की मागचे सगळे खोळंबतेत का न्हाई? तसंच." त्याने हात काढला. "चार काचा हायेत, पन काम दोघींचंच होऊन राहिलं. थंडीत तेवढ्यावर भागलं. आता उन्हाळ्यात फ्रीजला जास्त लागतं, अन् काचेतून येतं अर्धं."

उरलेल्या तिन्ही काचांच्या मधोमध माझ्याच अनामिकेने लावलेली गंधाची टिकली होती.

"अहवालात काय लिहिशील?" मी विचारले.

तो खाली पाहू लागला. "धूळ लिहितो. काचांवर धूळ साचली. कोनाचं नाव न्हाई घालत, गुरुजी."

मला हायसे वाटले. लिहिण्यास लाज वाटते, पण वाटले खरे. मग आम्ही आत गेलो, आणि फ्रीजच्या वर भिंतीला चिकटविलेला छापील कागद मला दिसला. संस्थेने दिलेल्या सूचना त्यावर होत्या. पहिलीच ओळ: काचा दररोज पुसणे, जबाबदारी परिचारिकेची.

म्हणजे धूळ लिहिली तर ती तिची होती.

सत्यशीला टेबलाशी बसून खुलाशाचा मसुदा लिहीत होती. तिने प्रेमानंदाचे ऐकले होते. एकदा फक्त खिळ्यावरच्या त्या कडक झालेल्या फडक्याकडे तिने पाहिले आणि पुन्हा लिहू लागली. मी तसाच घरी आलो.

त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. जेवताना घास हातातच राही. मी मनाशी युक्तिवाद मांडू लागलो, छत्तीस वर्षे तर तेच शिकविले होते. मी मनाई केली म्हणून तिने फडके टांगले. पण तिने आग्रह धरायला हवा होता. भाव शुद्ध होता. पण पाणी क्षारांचे होते. प्रत्येक वाक्याला उत्तर मिळे आणि प्रत्येक उत्तर फिरून त्याच खिळ्यापाशी येई. गावाने जे आसन मला दिले होते ते जाईल, ही भीती त्या सगळ्यांच्या तळाशी होती.

तिसऱ्या दिवशी साहेब चौकशीला आले. अंगणात खुर्ची टाकली गेली. अर्धे गाव जमले. साहेबांनी प्रेमानंदाचा अहवाल वाचला.

"धूळ. पुसण्याचं काम कोणाचं?"

"माझं, सर," सत्यशीला म्हणाली.

"पुसत होतात?"

"रथसप्तमीपर्यंत पुसत होते. नंतर न्हाई."

"का?"

मागून पंचफुलाबाईचा आवाज आला, "कुलपीतून येळ भेटंल तवा ना!" लोक हसले. साहेबांनी पेन उघडले.

मी उठलो. "थांबा, साहेब. तिने पुसणे सोडले, कारण मी तिला मनाई केली. त्या काचांवर जे आहे ती धूळ नाही. ते माझे गंध आहे आणि माझे अर्घ्य आहे. लसी माझ्यामुळे खराब झाल्या."

साहेब गोंधळले. "गुरुजी, तुम्ही बसा. तुमच्या मानाला..."

"मानाचे नंतर पाहू. आधी लिहून घ्या. मी सही करतो."

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. शेवटी मी सही केली. साहेब म्हणाले, "कागद वर पाठवतो. निर्णय वरून येईल." आणि जाताना सत्यशीलेला बजावले की चैत्राच्या अखेरीपासून ज्यांना गोवराची लस टोचली त्या सतरा लेकरांना नव्या लसी येताच पुन्हा टोचावे लागेल, आणि ते घरोघर जाऊन तिनेच सांगायचे.

जीप गेल्यावर मी बादली मागितली, लिंबे मागविली, आणि उपरणे कमरेला खोचून काचा घासू लागलो. क्षार सहजी निघेनात. ज्ञानबा कुंपणाशी उभा राहून पाहत होता.

"गुरुजी, आता देव उठला म्हना. शेळ्या आनू का परत?"

"आण. पण बांधायच्या आधी मला बांध, म्हणजे त्या काय खातात ते मी पाहत बसेन."

"न्हाई बा," तो कानाला हात लावून म्हणाला. "तुमी त्यायलाबी संस्कृत शिकवसाल."

दुसऱ्या दिवशी सतरा घरे. सत्यशीला नको नको म्हणत असताना मी तिच्याबरोबर निघालो. प्रत्येक दारात मीच बोललो: टोचलेली सुई वाया गेली, लेकराला पुन्हा टोचावे लागेल, चूक माझी. कोणी म्हणाले, असू द्या गुरुजी. कोणी दार लोटून घेतले. एका आईने विचारले, "अन् मदल्या मदी गोवर आला असता तं?" मी हात जोडून पुढच्या दाराकडे वळलो.

सतरावे घर पंचफुलाबाईचे. नातू दहा महिन्यांचा.

"देवाला घातलेलं पानी बाधतंच कसं?" ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "तुमी सांगितलं, आमी केलं."

"होय. म्हणूनच आलो."

नव्या लसी आल्या त्या दिवशी ती नातवाला घेऊन सर्वांत आधी आली. मांडीवर घेऊन त्याचा दंड उघडा केला. "टोच, बाई. अन् ते कुलपीचं म्या बोलले..."

"हात घट्ट धरा लेकराचा," सत्यशीला म्हणाली. "हलला तं लागंल."

ज्येष्ठाच्या अखेरीस तिच्या कराराचा कागद आला. पुढचे अकरा महिने तो चालू राहणार होता. तिने तो मला वाचायला दिला. मी दोनदा वाचला.

अर्घ्य आता मी घरच्या तुळशीत सोडतो. त्यानंतर उपकेंद्रात जातो. खिळ्यावरचे फडके ओले असते. खालच्या दोन काचा मी पुसतो. वरच्या दोन ती पुसते. मग ती आत जाऊन तापमापक पाहते आणि मी दाराशी उभा राहतो.

"किती?"

"पाच, गुरुजी."

पाच ऐकले की मी घरी जाऊन पोथीला बसतो. ती 'सात' म्हणाली तर बसवत नाही. दुपारच्या उन्हात पुन्हा येतो.