उघडा राहिलेला रकाना

दोनदा टिचकी मारल्याशिवाय मी कधी तोंड उघडत नाही. आज मात्र कुणी न विचारताच बोलतोय. मी एक रकाना आहे. सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या पाण्याजवळ एक साखर कारखाना आहे, त्याच्या शेतकी विभागातल्या कॉम्प्युटरवर माझा मुक्काम असतो. ऊस नोंदीच्या लांबलचक तक्त्यात माझ्या डोक्यावर लिहिलंय, 'लागण तारीख', म्हणजे ऊस लावला तो दिवस. डाव्या हाताला शेतकऱ्याचं नाव, उजव्या हाताला 'शेरा' नावाचा शेजारी. तो बिचारा जन्मापासून रिकामा.

दिसायला मी बोटभर, पण माझ्या पोटातल्या तारखेवर पुष्कळ काही ठरतं. ज्याची लागण आधीची, त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी जाते. पाळी लांबली की उसाला तुरा येतो आणि तो आतून पोकळ व्हायला लागतो.

मला घडवणारा माणूस पुण्यात बसायचा. ऊस त्यानं पाहिला असेल तो रसवंतीत. त्यानं हौसेनं मला एक छोटं कॅलेंडर दिलं. मला उघडलं की ते खाली उलगडतं, आणि मी उघडा असताना माऊसचं चाक फिरवलं की महिना पुढं सरकतो. त्याला वाटलं, केवढी सोय केली!

तीन वर्षं माझ्यावर पूनमताईंचा हात फिरतोय. त्या हंगामी नोकरीवर आहेत, पण काम कायमच्या माणसासारखं करतात. कुणी लागण सांगतं पोळ्याच्या आदल्या दिवशीची, कुणी म्हशीला रेडकू झालं त्या आठवड्यातली. पूनमताई भिंतीवरचं कॅलेंडर चाळून त्याची तारीख करतात. त्यासाठी जुनी कॅलेंडरंही नव्याखाली त्याच खिळ्याला टांगून ठेवतात. हे मला फार आवडतं.

मागच्या थंडीत त्या नोंदी भरत होत्या. फुलाबाई वाघमोडे यांची ओळ आली. कागदावरून त्यांनी माझ्यात १० ऑगस्ट २०२४ भरली. एंटर दाबणार, तेवढ्यात चहा आला. दोन घोट घेऊन त्यांनी पुढचं नाव बघायला चाक फिरवलं. त्यांना वाटलं तक्ता खाली जाईल. पण मी उघडाच होतो ना! सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. माऊस अडकला असं समजून त्यांनी खालच्या ओळीवर टिचकी मारली आणि मी नोव्हेंबर पोटात घेऊन मिटलो. ओरडावंसं वाटलं, पण आम्हाला आवाज नसतो. कागद पुढं रद्दीत गेला.

यंदा डिसेंबरात फुलाबाई आल्या. धनी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हिमतीवर लावलेला हा पहिलाच ऊस. शेजाऱ्यांचे फड मोकळे झाले होते, त्यांचा तसाच उभा. हा त्यांचा तिसरा हेलपाटा होता. शेतकी अधिकारी सयाजीराव साहेबांनी आधीच्या दोन्ही वेळा सांगितलं होतं की कॉम्प्युटरात नोव्हेंबर आहे, पाळी फेब्रुवारीत येईल. गावातही लोक म्हणायला लागले होते की बाईला तारखा कुठल्या लक्षात राहायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटा मी, आणि बोल त्यांना.

त्या दिवशी साहेब बाहेर होते. पूनमताईंनी फुलाबाईंना खुर्ची दिली, मला उघडलं आणि विचारलं, "मावशी, लागण नेमकी कधीची?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिशीची," फुलाबाई म्हणाल्या. "पंचमीलाच बाया आल्या व्हत्या की लागणीला. मी माघारी धाडल्या. पंचमीला भुई उकरत न्हाईत. तारीख मला ठावं न्हाई ताई, पर त्यो दिस चुकायचा न्हाई."

पूनमताईंनी खिळ्यावरचं जुनं कॅलेंडर काढलं. पंचमी नऊ ऑगस्टची. म्हणजे लागण दहाची. माझ्या कॅलेंडरात सगळे महिने आहेत, पण पंचमी नाही. तेव्हा मला माझीच कीव आली.

मग फुलाबाईंच्याच गावच्या बाकी नोंदी बघायला पूनमताईंनी चाक फिरवलं. मी उघडाच होतो. त्यांच्या डोळ्यांदेखत नोव्हेंबरचा डिसेंबर झाला. त्यांचं बोट चाकावरच थांबलं. त्यांनी पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. जानेवारी झाला.

हंगाम सुरू झाल्यावर तारीख बदलायची तर कारण लिहून साहेबांची सही लागते. कारणात 'शेतकऱ्याने चुकीची माहिती दिली' असं लिहायची इथली जुनी पद्धत आहे. कुणी वाचत नाही, कुणाचं बिघडत नाही. पूनमताईंना पुढच्या हंगामाच्या नेमणुकीची ऑर्डर अजून मिळायची होती. त्यांनी दुरुस्तीचा कागद पुढ्यात घेतला आणि कारणात लिहिलं, 'नोंद करताना माझ्याकडून चूक झाली.'

साहेब आल्यावर त्या उभ्या राहिल्या. "सर, मावशींची तारीख माझ्या हातून बदलली. त्यांचं काही चुकलेलं नाही."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग सही केली. पूनमताईंनी मला उघडलं, दहा ऑगस्ट भरली, एंटर दाबला आणि मी मिटलोय ना हे वाकून पाहिलं. मग संध्याकाळपर्यंत एकेक ओळ तपासली. माझ्या पोटात अशा चुकलेल्या आणखी चार तारखा निघाल्या.

आठवड्यानं टोळी फुलाबाईंच्या फडात गेली. थोडा तुरा आला होताच, ते नुकसान मला पुसता येत नाही. पूनमताईंची ऑर्डर आली की नाही, तेही मला ठाऊक नाही. हंगाम संपत आलाय आणि त्यांची खुर्ची कधीकधी रिकामी दिसते.

मला हाताळणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की मला उघडलंत तर मिटवून मगच चहाला हात लावा. आणि माझ्यात एक आणि माणसाच्या तोंडी दुसरं असेल, तर आधी माणसाला खुर्ची द्या.

ऊस गेल्यावर फुलाबाई केळी घेऊन आल्या होत्या. पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ह्यात आमची पंचमी लिवता येती का?" पूनमताई हसल्या आणि माझ्या शेजाऱ्याला त्यांनी पहिल्यांदाच उघडलं. तो आता रिकामा नाही. त्यात लिहिलंय, 'पंचमीला भुई उकरत नाहीत.'