स्वयंपाक कुणाच्या हातचा?

मी बोलतेय. अहो, इकडे, स्क्रीनवर! ‘स्वयंपाक कुणाच्या हातचा?’ या प्रश्नापुढची चौकट, उजव्या कोपऱ्यात इवलासा बाण मिरवणारी, ती मी. बाणावर बोट टेकवलं की माझ्यातून नावं भराभरा खाली उतरतात. संगणकवाले मला ड्रॉपडाउन म्हणतात.

माझा जन्म वराळे गावचा. मला घडवलं यशोधराने. ती तळेगावात संगणकाची नोकरी करते. तिची आत्या चिमाबाई, शेजारच्या इंदुरी गावच्या धोंडाबाई आणि आणखी काही बायका मिळून लोणावळ्याच्या बंगल्यांवर सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना घरचं जेवण पाठवतात. मासवडी, भाकरी, ठेचा. पाहुण्यांनी वेबसाइटवर फॉर्म भरायचा, माझ्यातून स्वयंपाकीण निवडायची, की तिच्या घरून डबे निघणार, असा बेत.

जन्मल्या जन्मल्याच मी घोळ घातला. बायकांची नावं राहतात शेजारच्या तक्त्यात, आणि तिथे प्रत्येकीला एक क्रमांक आहे. मी आपले नुसते क्रमांकच उचलून आणले आणि ऐटीत दाखवले: १, २, ३.

धोंडाबाईंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. “यात मी कुटं हाय?”

“मावशी, तुम्ही दोन नंबर,” यशोधरा म्हणाली.

“आमच्या म्हशीलाबी नाव हाय, पोरी.”

यशोधराने जीभ चावली आणि तिथल्या तिथे मला शिकवलं. क्रमांक पोटात ठेवायचा, ओठांवर नाव आणायचं. पाहुण्याला दिसेल ‘धोंडाबाई, इंदुरी’, ऑर्डरीसोबत मात्र जाईल दोन. ओठात एक नि पोटात एक असूनही प्रामाणिक अशी जगात मी एकटीच असेन! धोंडाबाई कितीतरी वेळ मला उघडत होत्या, मिटत होत्या, आपलं नाव बघत होत्या.

पण माझी एक खोड राहूनच गेली. कुणी उघडायच्या आधीच मी पहिलं नाव तोंडाशी घेऊन बसायची. अक्षरांच्या क्रमाने पहिलं नाव चिमाबाईंचं. आणि सुट्टीवरचा माणूस तो! पोटात कावळे ओरडतायत, धुक्यातले फोटो काढायचे राहिलेत, तो कशाला मला उघडतोय? समोर दिसलं ते ठेवून ‘पुढे’ दाबायचा.

जोडून सुट्ट्या आल्या आणि ऑर्डरींचा नुसता पाऊस पडला. सगळा चिमाबाईंच्या अंगणात! मोबाइल टिंग वाजला की त्या पदर सावरायच्या. लोणावळा आपल्या हाताच्या चवीला भुललाय, असं त्यांनी सगळ्या आळीला सांगून टाकलं.

धोंडाबाईंचा मोबाइल मात्र मुका. पोरीने आपल्या आत्याला पुढे काढलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी निरोप धाडला: “माजं नाव काडून टाक. आपल्याच मानसांचं करायचं व्हतं, तर आदी सांगायचं.”

यशोधराचा चेहरा उतरला. आपल्या सुट्टीचे दिवस मोडून तिने हे उभं केलं होतं. तिचा काही दोष नाही हे मला ठाऊक होतं, पण मला नावांशिवाय दुसरं बोलता कुठे येतं?

शनिवारी सकाळी चिमाबाईंच्या स्वयंपाकघरात मी पिठाच्या डब्याला टेकून उभी होते, म्हणजे माझा मोबाइल. परातीत मासवडीच्या सारणाचा डोंगर, दुपारी डबे न्यायला टेम्पो यायचा, आणि चिमाबाई घामाघूम. यशोधराने पाहुणी होऊन फॉर्म भरून पाहिला. मला हातही न लावता ‘पुढे’ दाबलं. टिंग! ऑर्डर आत्याला.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “लोक तुला निवडत नाहीयेत गं. ते कुणालाच निवडत नाहीयेत.”

चिमाबाईंचे हात थांबले. मला तर बंद पडावंसं वाटलं. मग त्या खुदकन हसल्या, आणि हसता हसता भिंतीला टेकल्या. “म्हंजी मी फुकटच मिरवलं व्हय?” त्यांनी स्वतःच इंदुरीला फोन लावला. “धोंडाबाय, तुज्या वाटनीचं समदं माज्याकडंच येऊन पडलंय. मशीनची चूक हाय, पोरीची न्हाई. ये बाय, मला झेपंना.”

धोंडाबाई रिक्षाने आल्या, आपली लाकडी काठवट काखेत मारून. सारण चाखलं, मूठभर तीळ टाकले आणि मांडी ठोकून बसल्या. दोघींचे हात असे चालू लागले की टेम्पोलाच ताटकळावं लागलं! निघताना त्या यशोधराला एवढंच म्हणाल्या, “नाव ऱ्हाऊ दे माजं.”

यशोधराने माझी खोड मोडली. आता माझ्या तोंडाशी असतं ‘आधी नाव निवडा’. मला उघडल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकतच नाही.

पुढच्याच आठवड्यात बंगल्यांवरून फोन सुरू झाले. त्या शनिवारची मासवडी हवी, कुणाचं नाव निवडायचं? तसं नाव माझ्याकडे नव्हतंच. दोघींची मिळून एक ओळ घालू, असं यशोधरा म्हणाली, आणि पहिलं नाव कुणाचं यावरून जी जुंपली! वयाने मी मोठी, असं चिमाबाईंचं म्हणणं. तीळ माझे, असं धोंडाबाईंचं. शेवटी यशोधराने दोन ओळी घातल्या: ‘चिमाबाई–धोंडाबाई’ आणि ‘धोंडाबाई–चिमाबाई’. दोन्हींचं जेवण एकाच चुलीवर शिजतं, आणि सगळ्यांत जास्त बोटं याच दोन ओळींवर पडतात. मला गुदगुल्या होतात हो!

तेव्हा मंडळी, कुठल्याही फॉर्मवर मी भेटले, तर माझा बाण जरूर दाबा. खालची नावंही वाचा, ती माणसं वाट बघत असतात. फक्त या दोन ओळींतली चवदार कुठली, ते मला विचारू नका. दोघी इथेच बसल्यात, आणि दोघींचे कान इकडेच आहेत.