काळ्याची पांढरी झालेली पाटी

मित्रांनो, मोटारीचे कौतुक सगळेच करतात, तिच्या नाकाखालच्या पाटीकडे मात्र पोलिसाशिवाय कोणी पाहत नाही. मी तशीच एक जुनी नंबरपाटी आहे. हिंगणघाटच्या एका टिनवाल्याने मला पत्र्यातून कापले, काळा रंग दिला, वर पांढरा नंबर काढला आणि स्वातंत्र्याच्या आधीच्या एका फुगीर मोटारीवर ठोकले. मोटार वडनेरच्या नानाजींची. त्यांचे किराण्याचे दुकान होते. एका जिनिंगच्या मालकाने काढून टाकलेली ही म्हातारी त्यांनी हौसेने घेतली होती. गिऱ्हाईक दुकानात ताटकळे आणि हे आपले बाहेर मला फडक्याने पुसत बसत!

आमच्या काळात कायदा सोपा होता. घरच्या मोटारीला काळी पाटी, पांढरे आकडे. भाड्याच्या मोटारीला पांढरी पाटी, काळे आकडे. मोटार कितीही जुनी, कितीही मानाची असो, तिला वेगळा रंग नव्हता. नानाजींनी कधी भाडे घेतले नाही. गावात कोणाचेही लग्न असो, नवरी आमच्याच मोटारीतून सासरी जाई. रीत एवढीच, की पेट्रोल वरपक्षाने टाकायचे. त्याला कोणी भाडे म्हणत नसे.

१९७४ साली नानाजींच्या एकुलत्या एका मुलीचे, नलूचे, लग्न वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला ठरले. तिची होणारी सासू सुलोचनाबाई बैठकीला आल्या, मोटारीभोवती फिरल्या आणि माझ्यापाशी येऊन अडल्या.

"अवो इवाईबुवा, नवरीच्या समोर हा काया रंग काऊन? असं अभद्र चालत नाई आमच्यात."

"सरकारी पाटी होय ते, बाई."

"सरकारले काय कराचं आपल्या लग्नात? पांढरी करून घ्या न, वरतून हळदीकुंकवाची बोटं ओढा!"

मुलीच्या बापाला अशा वेळी हो म्हणावेच लागते. नानाजींनी पेंटरला बोलावले. मी काळ्याची पांढरी झाले, आणि खोटे कशाला बोलू, नवे लुगडे नेसल्यासारखी मिरवलेसुद्धा.

पाठवणीच्या दिवशी हिंगणघाटच्या पुढे एका तपासणीवाल्या साहेबाने हात केला.

"टॅक्सीचे परमिट दाखवा."

"टॅक्सी नाई साहेब, घरची गाडी होय. पोरीले सासरी सोडून राह्यलो."

"मग पाटी पांढरी कशी?"

नानाजी सांगायला तोंड उघडतात तोच मागच्या सीटवरून नवरदेवाचे मामा प्रभाकरराव छाती काढून म्हणाले, "पेट्रोल आमी टाकलं, साहेब. फुकट नाई बसलो कोणाच्या गाडीत!"

झाले! आ बैल मुझे मार, असे झाले ते. पांढरी पाटी, परमिट नाही, वर पैसे दिल्याची कबुली. साहेबाने जागच्या जागी मोटार जप्त केली. नलू शालू आवरत एसटीत चढली. नानाजी खिडकीशी धावले.

"रडू नोको माय. दिवाळीले याच गाडीत तुले घ्याले येतो. वाट पाह्यजो."

आम्हाला एका सरकारी आवारात नेऊन उभे केले. चारच दिवसांनी नानाजी काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. चौकीदार तानबा भला माणूस, पण आडवा झाला.

"हात नका लावू नानाजी. मुद्देमाल होय हा. रंग बदलला तं आणखीन एक केस लागन."

ज्या रंगाने घात केला तो पुसण्याचीही मुभा नव्हती. नानाजी डबा तसाच घेऊन परत गेले. मग तारखा सुरू झाल्या. दिवाळी आली. त्यांची बायको वच्छलाबाई म्हणत, "एसटीनं आणा न पोरीले. वाट पाहून राह्यली असन ते." नानाजींचे एकच उत्तर, "बोललो न मी तिले? गाडी सुटू दे." हे तानबाजवळ स्वतः नानाजीच सांगत. सांगताना त्यांचे डोळे भरून येत आणि मान तरी ताठच राही. दुसरी दिवाळी गेली, तिसरीही गेली. बोलावल्यावाचून कशी जाऊ, म्हणून नलूही सासरी बसून राहिली. दोघेही एकाच मातीचे.

पुढे मोटारीचे टायर बसले, सीटमधून बाभूळ उगवली. एका उन्हाळ्यात नानाजी दुकानातल्या गादीवरच गेले. नलू पहिल्यांदा माहेरी आली ती त्यांना पोचवायला. त्यानंतर कधीतरी मोटार सोडण्याचा हुकूम निघाला.

नलू एकटीच आवारात आली. तानबा म्हणाला, "घेऊन जा बाई, सुटली तुमची गाडी."

तिने दार ओढले, ते हातात आले. ते तिने हळूच टेकवून ठेवले. "आता कोणाले बसवू हिच्यात?" एवढेच ती म्हणाली आणि निघून गेली. मोटार भंगारात गेली. मी तेवढी निखळून आवाराच्या भिंतीशी गंजत पडले आहे, अजून पांढरीच.

मित्रांनो, जुन्या मोटारी जपा, त्यांच्या पाट्यांचे रंग नियमाप्रमाणे ठेवा, हे तर मी सांगणारच. पण लेकीला आणायचे ते मोटारीवाचून अडवून ठेवू नका. वडनेरहून वर्ध्याला एसटी रोज जात होती.